गाळलेली ओळ

बाबांनी बांधलेली होडी आमच्या घरापेक्षा लांब होती. हे मी कौतुकानं सांगत नाही. घराला निदान कोपरे असतात, माणसाला रुसून बसता येतं. होडी म्हणजे नुसती लांबी. पूर्वी आमच्या नदीकाठचे लोक पाइनचं डांबर पिंपांत भरून अशाच अरुंद, लवचीक होड्यांतून खळाळत्या उतारांवरून औलूच्या बंदरात न्यायचे. बाबांच्या आजोबांनीही नेलं होतं. आता डांबराला गिऱ्हाईक नाही आणि होडीलाही नाही, पण बाबांनी मनावर घेतलं ते घेतलंच. तीन हिवाळे ते शेडमध्ये खपले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता मुळ्यांच्या दोरीनं शिवल्या. कोणी विचारलं, "आउलिस, ही कशासाठी?" तर म्हणायचे, "बघू." माझे बाबा दिवसभरात साधारण एवढंच बोलतात आणि त्यातही काटकसर करतात.

होडी तयार झाली तेव्हा एप्रिल संपत आला होता. डांबराचा शेवटचा हात द्यायचा होता आणि तो मुरायला ऊन हवं होतं. वरच्या काठावर झाडांची गर्द सावली, तिथे अजून गुडघाभर बर्फ. ऊन फक्त खालच्या काठावर. म्हणून बाबांनी आठ माणसं जमवून होडी खाली नेली आणि नदीला लागून लाकडी घोड्यांवर ठेवली. नदी अजून गोठलेली होती. आणि नेमकं त्याच वळणावर, बर्फ सुटला की पहिला लोंढा काठावर चढतो. दरवर्षी चढतो. गेल्या वर्षी त्यानं शेजारच्या हेल्वीकाकूंचा होड्या लावायचा धक्का काड्यापेटीसारखा चेंदून नेला.

"मग आत्ताच वर घ्या ना," मी फोनवर म्हटलं.

"डांबर ओलं आहे."

"आणि बर्फ सुटला तर?"

"तेव्हा उचलू."

"आठ माणसं लागतात, बाबा! लोंढ्याचा आवाज आला की पाव तास हातात असतो. तेवढ्यात तुम्ही आठ जणांना कुठून गोळा करणार?"

पलीकडे शांतता. आमच्या फोनबिलात अर्धे पैसे त्या शांततेचे असतात.

मी औलूच्या विद्यापीठात संगणक सांभाळायचे. घरापासून गाडीनं तासाभरावर. घरी माझ्या नोकरीला 'ते यंत्रांचं' म्हणत. मला फार वाईट वाटायचं. वाटायचं, एकदा तरी यांच्या उपयोगी पडावं आणि एकदा तरी यांनी तसं तोंडानं म्हणावं. होडीनं ती संधी आणली.

आमच्या गावाच्या बरंच वर, यलीकोस्कीला, बर्फ आधी सुटतो. तिथला लोंढा आमच्या वळणावर पोचायला जेवणापासून दुपारच्या कॉफीपर्यंतचा वेळ घेतो. आठ माणसं जमवायला तो भरपूर. आणि यलीकोस्कीच्या शाळेत इल्पो होता. इल्पो गणित शिकवायचा आणि वर्गाच्या खिडकीतून नदी बघायचा. फोन त्याला जमत नसे. उचलायचा, श्वास घ्यायचा, ठेवून द्यायचा. पण शाळेच्या संगणकावरून तो आमच्या गप्पांच्या चॅनलवर सकाळपासून हजर असे. हा गप्पांचा प्रकार आमच्याच विद्यापीठात जन्मलेला, त्यामुळे इथे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. नदीकाठच्या लोकांचं चॅनल होतं #joki, म्हणजे नुसतं 'नदी'. नावं ठेवण्यात आम्ही कधी वेळ घालवत नाही.

"आपण बॉट बसवू," शेजारच्या टेबलावरचा पिर्का म्हणाला. पिर्का माझ्याच वयाचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला माझ्यापेक्षा जरा जास्तच पटलेलं. "तो दिवसभर चॅनल वाचेल. इल्पोनं 'बर्फ सुटला' म्हटलं की मोडेमवरून तुझ्या घरी फोन लावेल."

"आणि बोलेल काय? त्याला तोंड कुठेय?"

"बोलायला कशाला हवं? उचलला की मोडेमची शिट्टी ऐकू येईल. शिट्टी आली की बर्फ सुटला."

मी बाबांना सांगितलं. ते चक्क हसले. "न बोलणारं यंत्र," म्हणाले. "चालेल."

बॉटचं नाव ठेवलं कुइक्का. तळ्यावर गळा काढून ओरडणारा आमचा पक्षी. आता पडद्यावर गप्पा दिसतात साध्या, पण तारेतून त्यांची एकेक ओळ येते ती अशी:

:Ilpo!ilpo@koulu PRIVMSG #joki :पाणी चढतंय

आधी विसर्गासारखी दोन टिंबं, मग नाव, मग उद्गारचिन्ह, त्यापुढे पत्ता, मग कामाचा शिक्का, मग चॅनल, आणि शेवटी पुन्हा दोन टिंबांनंतर माणूस जे बोलला ते. PRIVMSG हा बोलण्याचा शिक्का. कोणी आलं, गेलं, कोणी नाव बदललं, त्यांचे शिक्के वेगळे. या ओळींतून हवं ते उचलायला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात, म्हणजे ओळ कशी दिसायला हवी याचा साचा. साच्यात बसली ती ओळ घेतली, नाही बसली ती सोडली. मला हे काम मनापासून आवडायचं. साचा जमला आणि पडद्यावर नाव वेगळं, बोलणं वेगळं असं नीट सुटून आलं की मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचायचे. पिर्का म्हणायचा, "तुझं लग्न या ओळींशीच लावून देऊ."

पहिला साचा आम्ही सैल ठेवला. कुठल्याही ओळीत 'बर्फ' आणि 'सुटला' दिसलं की फोन. आणि मध्ये आला वप्पू.

वप्पूला, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, आमचे विद्यार्थी काय करतात ते त्यांनाही आठवत नाही, मी कशाला सांगू? रंगीत डगले घालून गावभर हिंडतात, सगळे पितात, आणि शुद्धीवर असलेले चॅनलवर येतात. त्या दुपारी कोणा महाभागानं लिहिलं, "माझ्या ग्लासातला बर्फ सुटला, कोणी भरून देता का?"

कुइक्कानं इमानदारीत फोन लावला. घरी शिट्टी वाजली. बाबा धावले, आठ माणसं धावली, हेल्वीकाकू कढईतले डोनट टाकून धावल्या. सगळे होडी धरून उभे राहिले. नदी ढिम्म. तासाभरानं सगळे परतले तर काकूंचे डोनट कोळसा झालेले आणि स्वयंपाकघरात धूर. संध्याकाळी काकूंचा मला फोन आला. त्या काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण शेवट असा होता, "आणि तुझ्या त्या पाखराला माझ्या घरी पाठव, मी त्याला तळते!"

बाबा काहीच म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पिर्कानं साचा आवळला. फक्त इल्पोचं नाव. फक्त बोलण्याचा शिक्का. आणि बोलणं सुरूच 'बर्फ सुटला'नं व्हायला हवं.

^:Ilpo!\S+ PRIVMSG #joki :बर्फ सुटला

"बाकी सगळं?" मी विचारलं.

"बाकी सगळं गाळलं. अगं, बघ ना, या आठवड्यात जो तो नावं बदलतोय." ते खरं होतं. आमच्याकडे ही खोडच आहे. माणूस जेवायला गेला की नाव बदलून 'जेवतोय' करतो, झोपला की 'मेलोय' करतो, आणि वप्पूनंतर अर्ध्या चॅनलचं नाव 'डोकंदुखी' झालेलं. नावाला जागा नऊ अक्षरांची, तेवढ्यात सगळे आपला जीव ओततात. पिर्का म्हणाला, "हा कचरा आत घेतला तर पुन्हा कुणाचे तरी डोनट जळतील."

मला पटलं. मी स्वतः तपासलं, इल्पोच्या नावानं खोटी ओळ पाठवून बघितली. कुइक्का चोख चालत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी वाटाण्याचं सूप घेऊन टेबलाशी आले आणि सहज चॅनलवर नजर टाकली. ऊन लख्ख पडलं होतं. छपराचं पाणी खिडकीसमोर धारेनं गळत होतं. अशा दिवशी इल्पो एखादा शब्द तरी टाकतो. आज सकाळपासून एकही नाही. मी हजर असलेल्यांची यादी काढली. डोकंदुखी, डोकंदुखी२, मेलोय, बर्फसुटला...

आणि इल्पो नाहीच.

असेल कोणी वात्रट, असं मनात आलं. बोटं मात्र आपोआप चालली. नाव बदलतं, पण उद्गारचिन्हापुढचा पत्ता बदलत नाही. मी 'बर्फसुटला'चा पत्ता मागवला.

ilpo@koulu.

"पिर्का!" मी एवढ्यानं ओरडले की सूप उडालं. "त्यानं नाव बदललं! इल्पोनं नाव बदललं!"

"कोणी?"

"अरे, इल्पोनं! ज्यानं जन्मात कधी नाव बदललं नाही त्यानं! कधी बदललं बघ!"

पिर्कानं नोंद उघडली. त्याचा चेहरा उतरला. "तासाच्या वर झाला."

ती ओळ आली होती. कुइक्कानं ती वाचली होती, साच्यात घालून बघितली होती आणि बसत नाही म्हणून सोडून दिली होती. तिच्यावर शिक्का NICK होता. बोलण्याचा नव्हता.

मी घरी फोन लावला. वाजत राहिला. बाबा खाली डांबर लावत असणार, आई मावशीकडे. गावातले पुरुष लाकडाच्या गिरणीत कामाला. मी हेल्वीकाकूंना लावला.

"काकू, बर्फ सुटला! यलीकोस्कीला! खरंच सुटला, बाबांना सांगा, माणसं..."

"पाखरानं सांगितलं का?"

"नाही हो, मी सांगतेय! पाखराला कळलंच नाही!"

"म्हणजे परवा नव्हता तेव्हा कळलं, आणि आज आहे तर कळलं नाही? शाब्बास. सिर्कू, माझ्या चुलीवर मासा आहे आणि या खेपेला मी तो खाणार आहे." आणि फोन ठेवला.

मी उभी राहिले. रडायला येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. तीन हिवाळे! मुळ्यांची दोरी उकडून, वळून, त्या माणसाची बोटं फाटली होती. आणि ते आत्ता या क्षणी त्या होडीला शांतपणे डांबर लावत होते, कारण माझं यंत्र ओरडलं नव्हतं.

"व्हॅन," पिर्का म्हणाला.

खाली विद्यार्थ्यांच्या खोलीत चार जण लाल डगल्यांत पडले होते, खारवलेला मासा खाऊन डोकं ताळ्यावर आणायच्या प्रयत्नात. पिर्कानं दार लाथेनं उघडलं. "उठा! होडी उचलायचीय!"

"कुठली?" एक जण डोळे न उघडता म्हणाला.

"लांबवाली!"

का कोण जाणे, एवढं त्यांना पुरलं. चौघं उठले. विद्यार्थी संघाची जुनी पिवळी व्हॅन होती, तिचं मागचं दार दोरीनं बांधावं लागे. पिर्कानं ती अशी हाणली की मागे दोघं कधी एकमेकांच्या मांडीवर, कधी छतावर. रस्ता नदीकाठानंच वर जातो, गावाच्या वरच्या अंगाचा पूल ओलांडतो आणि मग पलीकडच्या काठानं खाली गावात उतरतो. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते. नदी अजून पांढरी. अजून पांढरी. अजूनही...

"तू आवळलास साचा!" मी पिर्कावर ओरडले.

"तू तपासलास!"

"तो बोलला का नाही नुसतं? दोन शब्द! बोटं झिजली असती?"

"यलीकोस्कीचा आहे तो!"

"मी पण त्याच नदीची आहे, मी नाही का बोलत?"

"हो, ते सगळ्या औलूला माहीत आहे!" मागचे चौघं खो खो हसले, आणि मलाही हसू फुटलं. त्याच वेळी पुलावर पोचलो आणि हसू गेलं. पुलाच्या वरच्या अंगाला नदी काळी होती. काळं पाणी, त्यात घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, फिरत, कण्हत पुढे येत होते. पुलाच्या खालच्या अंगाला नदी पांढरी, निवांत. लोंढा आमच्याबरोबरच चालला होता.

"दाब!" सगळे ओरडले. पिर्कानं दाबलं.

बाबा खरंच डांबर लावत होते. पिवळी व्हॅन बागेतून थेट उतारावर आली आणि तिच्यातून लाल डगलेवाले सांडले, तरी त्यांनी ब्रश हातातून ठेवला नाही. माझ्याकडे बघितलं. मी फक्त नदीच्या वरच्या बाजूला बोट केलं. तेव्हा ऐकू आला तो आवाज. आधी पायांना कळतो, मग कानांना. बाबांनी ब्रश टाकला.

"डोकं धर," ते पिर्काला म्हणाले. "तू तिकडे. तू इथे. फळीला नाही, कण्याला धरा. पिळू नका, शिवण उसवेल." एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. आम्ही धरलं. बाबांनी मोजलं, उचललं, आणि होडीचं शेपूट जागचं हललं नाही. आम्ही सात होतो. मागच्या टोकाला उजवीकडे कोणी नव्हतं.

"पुन्हा!" बाबा म्हणाले. पुन्हा उचललं. शेपूट घोड्यावरून घसरलं आणि एक शिवण करकरली. वळणावर पहिला तुकडा दिसला, उभा, हिरवट, उन्हात चमकणारा. इतका सुंदर होता की मला त्याचा राग आला.

"सरक, ठोंब्या," मागून कोणीतरी त्या रिकाम्या कोपऱ्याजवळच्या मुलाला म्हणालं. हेल्वीकाकू! कंबरेला एप्रन, हातात माशाचा उलथा. उलथा त्यांनी दातांत धरला आणि दोन्ही हात कण्याखाली घातले.

"एक, दोन, आणि!"

होडी उठली. आई गं, उठली! आम्ही आठ जण सोळा पायांनी चिखलात रुतत, घसरत, किंचाळत उतार चढलो. एकाचा बूट चिखलात राहिला, तो मोज्यावर चढला. मागे धडाड आवाज झाला. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पडले असते. वरती, सावलीतल्या गुडघाभर बर्फावर, आम्ही ती अलगद ठेवली आणि मग सगळे एकदम तिच्याभोवती कोसळलो.

खाली घोडे नव्हते. जिथे बाबा मघाशी उभे होते तिथे बर्फाचे सुळके एकमेकांवर चढत, आदळत होते. डांबराची बादली वर आली, फुटली आणि आत गेली. लाल डगलेवाले नाचायला लागले. पिर्का नाचायला लागला. मी पण नाचले, मन भरून नाचले, हात डांबरानं काळे, केसांत डांबर. काकूंनी दातांतला उलथा काढला.

"मासा गेला," त्या म्हणाल्या. "पुन्हा." आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला तो आठवडाभर पुरला.

बाबांनी होडीभोवती एक फेरी मारली. उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "कॉफी." आणि घरात गेले.

मी वाट बघत होते, हे कबूल करायला हवं. चांगलं केलंस, असं म्हणतील. नाहीतर, तुझ्या यंत्रानं घात केला, असं तरी. दोन्ही नाही. कॉफी मात्र दोनदा ओतली.

औलूला परतल्यावर पहिलं काम म्हणजे मी इल्पोला गाठलं. त्याचं नाव अजून 'बर्फसुटला'च होतं.

"अहो, बोलला का नाहीत?" मी लिहिलं. "आम्ही तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो."

मग एक ओळ आली. इल्पोची एवढी लांब ओळ मी पुन्हा कधी बघितली नाही.

"स्वतःचं नाव पुसून त्या जागी लिहिलं. याहून मोठ्यानं कसं बोलतात?"

पिर्का माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्या दिवशी आम्ही साचा मोडला आणि नवा लिहिला. शिक्का कुठलाही असो, ओळ आत घ्यायची, आधी पत्ता बघायचा, मग ठरवायचं.

नदी मोकळी झाल्यावर रविवारी होडी पाण्यात उतरवली. सगळा काठ जमला होता. डांबराच्या होडीत वल्ही मारणारा नदीकडे पाठ करून बसतो, त्याला पुढचं काही दिसत नाही. पुढचं दिसतं फक्त मागे बसून सुकाणूचं वल्हं धरणाऱ्याला. ती जागा मालकाची. पूर्वी तिच्यासाठी सख्खे भाऊ भांडायचे.

मी काठावर आईच्या शेजारी उभी होते. बाबा पाण्यात गुडघाभर उतरले, लांब सुकाणूचं वल्हं हातात घेतलं, आणि ते आडवं करून माझ्यासमोर धरलं.

"मी?" मी विचारलं. "मला नाही येत, बाबा. मी कधी..."

ते वल्हं तसंच धरून उभे राहिले. मी घेतलं. मग ते होडीत चढले, पुढच्या फळीवर बसले, नदीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून, आणि दोन्ही वल्ही हातात घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता काहीतरी बोलतील म्हणून. ते माझ्याकडे बघत होते. खालच्या उताराचा खळाळ ऐकू येत होता आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

मग मला कळलं, त्यांचं बोलून झालं होतं.

"ओढा, बाबा!" मी गळा काढून ओरडले. त्यांनी ओढलं.